६० दिवस म्हणजे दोन महिने नव्हेत: कॅलिफोर्नियातल्या डिपेन्डन्सी अपिलाच्या तारखा

समजा, २ मार्च २०२६ च्या सोमवारी डिपेन्डन्सी कोर्टाने, म्हणजे घरातून काढलेल्या मुलांच्या केसेस चालवणाऱ्या कोर्टाने, भर कोर्टात आदेश वाचून दाखवला: आईवडिलांचे पालकत्वाचे हक्क संपुष्टात. अपिलाला ६० दिवस. घरी येऊन कॅलेंडरवर बोट ठेवून मोजणारे बहुतेक जण म्हणतात, साठ दिवस म्हणजे दोन महिने, म्हणजे २ मे. त्या दिवशी शनिवार आलाय, मग सोमवारी ४ मेला दिलं तरी चालेल. प्रत्यक्षात शेवटचा दिवस आहे शुक्रवार, १ मे. मार्चला ३१ दिवस असतात, एवढीच काय ती भानगड. सोमवारी खिडकीवर नेलेला कागद क्लार्क घेतो, त्यावर ‘अमुक तारखेला मिळाला, दाखल केलेला नाही’ असा शेरा मारतो, आणि अपील तिथंच संपतं.

आम्ही कॅलिफोर्नियात अपिलाच्या वकिलांकडे कागद लावायचं आणि तारखा सांभाळायचं काम करतो. फ्रीमॉन्ट, सनीव्हेल, सॅन होजे या पट्ट्यात मराठी घरं भरपूर. मूल काउंटीने ताब्यात घेतलं ही गोष्ट कुणी चारचौघांत काढत नाही, त्यामुळे माहिती कानोकानी फिरते आणि निम्मी चुकीची असते. म्हणून कागद कुठल्या क्रमाने येतात आणि कुठं अडतात, ते इथं लिहितोय.

डिपेन्डन्सी म्हणजे राज्याच्या वेल्फेअर अँड इन्स्टिट्यूशन्स कोडच्या कलम ३०० खालची केस. दुर्लक्ष, मारहाण, घरातली हिंसा, व्यसन अशा कारणाने मूल घरातून काढलं जातं. आपल्याकडे बाल कल्याण समितीपुढे जी प्रकरणं जातात, साधारण त्याच जातीची. फरक असा की इथं न्यायाधीश असतो, आणि वकील प्रत्येकाचा वेगळा: आईचा, वडिलांचा, मुलाचा, काउंटीचा. अपील सुपीरियर कोर्टाच्या, म्हणजे खालच्या कोर्टाच्या, आदेशावर, सुनावणी कोर्ट ऑफ अपीलमध्ये. अलामीडा काउंटीची केस सॅन फ्रान्सिस्कोच्या पहिल्या डिस्ट्रिक्टकडे जाते, सँटा क्लारा काउंटीची सॅन होजेच्या सहाव्या डिस्ट्रिक्टकडे.

भारतातून आलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो विलंब माफीचा. आपल्याकडे १९६३ च्या लिमिटेशन अ‍ॅक्टचं कलम ५ सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. उशीर झाला? विलंब माफीचा अर्ज जोडा, कारण लिहा, आजारपणाचं सर्टिफिकेट लावा. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातसुद्धा समितीच्या आदेशावर ३० दिवसांत अपील असलं, तरी पुरेसं कारण दाखवलं तर त्यानंतरही ते घेता येतं. कॅलिफोर्नियात अपिलाच्या नोटिशीपुरता हा दरवाजाच नाही. कोर्टाच्या नियम ८.४०६ मध्ये स्पष्ट लिहिलंय की ही मुदत कुठलंही कोर्ट वाढवू शकत नाही. अपवाद फक्त भूकंप, आग, साथ अशा सार्वजनिक आपत्तीत काढलेल्या खास आदेशाचा. न्यायाधीशाला दया आली तरी त्याच्या हातात काही नाही.

म्हणून आमच्याकडे मुदती दोन जातींच्या: दगडाच्या आणि रबराच्या. नवख्या माणसाची सगळी धावपळ रबराच्या मुदतीसाठी असते, आणि दगडाची हातून गेलेली असते.

पहिला दगड तो ६० दिवसांचा. मोजायला सुरुवात आदेश झाला त्या दिवसापासून. कोर्टात तोंडी सुनावला असेल तर तोच दिवस. त्या दिवसाची मिनिट ऑर्डर, म्हणजे क्लार्कने केलेली आदेशाची नोंद, टाइप होऊन तुमच्या हातात दहा दिवसांनी पडली आणि तिच्यावर फाइल झाल्याचा वेगळा शिक्का असला, तरी त्या शिक्क्यावरून मोजू नका. आदेशाचा दिवस सोडायचा, दुसऱ्या दिवशी ‘एक’ म्हणायचं, आणि साठावा दिवस शनिवार, रविवार किंवा कोर्टाच्या सुट्टीचा आला तरच पुढच्या कामाच्या दिवसावर जायचं. मधल्या सुट्ट्या वजा होत नाहीत. आम्ही हे तोंडी कधीच करत नाही. कॅलेंडरवर दिवसागणिक आकडा घालतो आणि दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मोजून घेतो.

काही कोर्टांत न्यायाधीशाच्या जागी रेफरी बसतो. सगळ्या बाजूंच्या संमतीने तो हंगामी न्यायाधीश म्हणून बसला असेल तर मोजणी नेहमीचीच. तशी संमती नसेल तर त्याच्या आदेशाची प्रत बजावल्यापासून १० दिवसांत फेरसुनावणी मागता येते. कुणी मागितली नाही तर त्यानंतर तो आदेश पक्का होतो आणि साठ दिवस तिथून सुरू होतात. वाचायला हे सोयीचं वाटतं. पण संमती दिली होती की नाही हे पालकाला बहुधा आठवत नाही, आणि चुकलं तर दहा दिवसांचा घोळ थेट दगडावर आपटतो. आम्ही तारीख लावताना रेफरी नव्हताच असं धरून लावतो.

कशावर अपील होतं हाही गोंधळ आहे. मूल कोर्टाच्या अखत्यारीत घेतलं, ती ज्युरिसडिक्शनची सुनावणी. नंतर मूल कुठं राहणार, आईवडिलांना कुठले क्लास, कुठल्या टेस्ट, हे ठरतं ती डिस्पोझिशनची. अपील डिस्पोझिशनच्या आदेशावर होतं, आणि त्यात आधीच्या ज्युरिसडिक्शनच्या निष्कर्षांवरही बोलता येतं. पहिल्या सुनावणीनंतरच रागाने नोटीस टाकली तर ती अकाली ठरते. पण अकाली नोटीस आदेशानंतर लगेच आली असं कोर्ट धरू शकतं. उशिरा आलेली तसं धरता येत नाही. उलट, डिस्पोझिशनवर अपील केलं नाही आणि वर्षभराने ‘मुळात मूल काढायलाच नको होतं’ हा मुद्दा काढला, तर तो ऐकला जात नाही. त्याचे साठ दिवस केव्हाच संपलेले असतात.

नोटिशीचा फॉर्म जेव्ही-८००. फी नाही. तो सुपीरियर कोर्टात द्यायचा, कोर्ट ऑफ अपीलमध्ये नव्हे. पहिल्या झटक्यात सगळ्यात जास्त चुकतं ते हेच. आदेशाची तारीख नीट लिहायची. एकापेक्षा जास्त दिवस सुनावणी चालली असेल तर सगळ्या तारखा लिहायच्या. कुठल्या प्रकारचा आदेश त्या चौकटीवर खूण करायची. सही अपील करणाऱ्याची किंवा त्याच्या वकिलाची. मजकुरात किरकोळ चूक असेल तर कोर्ट उदारपणे वाचतं, तारखेत मात्र उदारपणा नाही. टपालाचा शिक्काही उपयोगाचा नाही: कागद क्लार्कच्या हाती पडला तो दिवस खरा. तुरुंगातून किंवा कोठडीतून पाठवणाऱ्यासाठी तेवढा अपवाद आहे. त्याने मुदतीत तुरुंगाच्या टपालात दिलं की पुरे.

वकिलाला तोंडी सांगून निघू नका. त्याच दिवशी दोन ओळींची ईमेल टाका: ‘अमुक तारखेच्या आदेशावर मला अपील करायचं आहे. नोटीस दाखल करावी.’ हा कागद पुढे सोन्याच्या मोलाचा ठरू शकतो. २०२१ मध्ये कॅलिफोर्निया सुप्रीम कोर्टापुढे इन री ए.आर. हे प्रकरण आलं. आईने अपील करायला सांगितलं होतं, वकिलाने नोटीस चार दिवस उशिरा दिली. कोर्टाने म्हटलं, पालकत्वाचे हक्क संपवणाऱ्या आदेशावर मुदतीत अपील करायला सांगूनही नेमलेल्या वकिलाच्या हलगर्जीपणाने ते राहिलं, आणि पालकाने चूक कळल्यावर विनाविलंब पावलं उचलली, तर हेबियस कॉर्पसच्या मार्गाने अपील परत मिळू शकतं. पण ‘सांगितलं होतं’ आणि ‘विनाविलंब’ ही दोन्ही टोकं पालकाने सिद्ध करायची. फोनवर बोललो होतो, हे सिद्ध करणं कठीण जातं.

दुसरा दगड लहान दिसतो, पण तोच जास्त केसेस बुडवतो. मुदतीत सुधारणा झाली नाही म्हणून कोर्ट घर जोडण्याच्या सेवा (मूल घरी परतावं म्हणून आईवडिलांना मिळणाऱ्या) थांबवतं आणि कलम ३६६.२६ ची सुनावणी लावतं, म्हणजे मुलाला दत्तक द्यायचं, दुसरा कायदेशीर पालक (गार्डियन) नेमायचा की आणखी काय, हे ठरवणारी. कोर्टाच्या आवारात तिला ‘टू-सिक्स’ म्हणतात. ती लावण्याच्या आदेशावर सरळ अपील होत नाही. आधी रिट मागावी लागते, आणि रिट मागणार असल्याची नोटीस आदेशापासून ७ दिवसांत. साठ नाही, सात. फॉर्म जेव्ही-८२०.

हे सात दिवस कॅलेंडरचे. आदेश गुरुवारी, ५ फेब्रुवारी २०२६ ला झाला असेल तर सातवा दिवस १२ फेब्रुवारी. ती लिंकनच्या जयंतीची कोर्टाची सुट्टी, म्हणून शुक्रवार १३ तारीख. आम्ही तरीही सोमवारी ९ तारखेलाच देतो. सुट्टीचा फायदा घ्यायला जावं आणि खिडकी दुपारी लवकर बंद व्हावी, हे कशाला?

पालक कोर्टात हजर नव्हता आणि आदेश त्याला फक्त टपालाने कळला, तर क्लार्कने टपाल टाकल्यापासून १२ दिवस. कॅलिफोर्नियाबाहेर पण अमेरिकेत पाठवलं असेल तर १७, आणि अमेरिकेबाहेर पाठवलं असेल तर २७. आपल्या लोकांना हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. व्हिसा संपल्याने किंवा घरच्या अडचणीने एक पालक पुण्याला किंवा नागपूरला परतलेला असतो, आणि नोटीस सनीव्हेलच्या जुन्या पत्त्यावर जाऊन पडते. कोर्ट शेवटच्या नोंदवलेल्या पत्त्यावर पाठवतं आणि ते त्याला पुरतं. पत्ता बदलला की फॉर्म जेव्ही-१४० भरून कोर्टाला कळवायचा. सोशल वर्करला व्हॉट्सअ‍ॅप केलं म्हणजे कोर्टाला कळलं असं होत नाही. शिवाय जेव्ही-८२० वर सही खुद्द पक्षकाराची लागते. वकिलाने परस्पर सही करून भागत नाही. कोर्ट ऑफ अपील योग्य कारणासाठी ही अट सोडू शकतं, पण त्या भरवशावर बसायचं नाही. भारतात असलेल्या पालकाला कोरा फॉर्म सुनावणीच्या आदल्या दिवशीच पाठवून ठेवावा, निकाल काय लागेल याची वाट न बघता.

टू-सिक्स लावताना, रिट मागितली नाही तर अपिलाचा हक्क जाईल, हे हजर असलेल्यांना तोंडी सांगणं कोर्टाला बंधनकारक आहे, आणि गैरहजर असलेल्याला एका दिवसाच्या आत टपालाने. हे सांगितलंच नसेल, तर पुढे टू-सिक्सच्या आदेशावरच्या अपिलात त्या आधीच्या आदेशाचा मुद्दा काढायला कोर्ट मुभा देतं. १९९८ च्या इन री कॅथिना डब्ल्यू. पासून हे चालत आलंय. त्यामुळे रेकॉर्ड हाती आलं की आम्ही आधी सुनावणीच्या उताऱ्याची शेवटची दोन पानं उघडतो. ती सूचना बहुधा तिथंच असते, किंवा नसते.

नोटीस पडली की १२ दिवसांत रेकॉर्ड तयार होतं आणि ते कोर्ट ऑफ अपीलमध्ये दाखल झाल्यापासून १० दिवसांत प्रत्यक्ष रिट पिटिशन, फॉर्म जेव्ही-८२५. इथं मुदतवाढ आहे, पण सुपीरियर कोर्टाकडे नाही. फक्त कोर्ट ऑफ अपीलकडे, आणि ‘असाधारण’ कारण दाखवल्यावर. पिटिशन नुसती वेळेत देऊनही चालत नाही. नेमके मुद्दे आणि रेकॉर्डमधले पानांचे संदर्भ नसतील तर ती दिल्याचा उपयोग शून्य. ‘माझ्यावर अन्याय झाला, सोशल वर्कर पहिल्यापासून विरोधात होती’ असं तीन पानं लिहून दिलेल्या पिटिशनी कोर्ट पुरेशा नाहीत म्हणून बाजूला काढतं.

आता रबर.

अपिलाची नोटीस पडल्यावर सुपीरियर कोर्टाने २० दिवसांत रेकॉर्ड तयार करायचं असतं: क्लार्कचे कागद आणि रिपोर्टरने उतरवलेली साक्ष. याच काळात, ऐपत नसलेल्या पालकाला अपिलासाठी वकील नेमला जातो. पहिल्या डिस्ट्रिक्टमध्ये हे काम फर्स्ट डिस्ट्रिक्ट अपेलेट प्रोजेक्ट बघतं, सहाव्यात सिक्स्थ डिस्ट्रिक्ट अपेलेट प्रोग्रॅम. सुपीरियर कोर्टातला वकील इथं राहत नाही. नवा माणूस, सगळं कोरं. त्याला जुन्या वकिलाची फाइल मिळेपर्यंत आठवडा-दोन आठवडे सहज जातात. रेकॉर्डमधून नेहमी गळणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत: छोट्या मधल्या सुनावणीचा उतारा, पुरावा म्हणून दाखल झालेला एखादा रिपोर्ट, व्हिजिटच्या नोंदी. त्या मागवायचा वेगळा अर्ज करावा लागतो, आणि आमचा नियम असा की त्याच अर्जात ब्रीफची, म्हणजे लेखी युक्तिवादाची, तारीख पुढे सरकवण्याची मागणीही घालायची. कागद मागितला म्हणून घड्याळ आपोआप थांबेल असं गृहीत धरायचं नाही.

रेकॉर्ड दाखल झाल्यापासून ४० दिवसांत अपील करणाऱ्याचं ओपनिंग ब्रीफ. ते दाखल झाल्यापासून ४० दिवसांत काउंटीचं उत्तर. उत्तरानंतर २० दिवसांत प्रत्युत्तर. मुलासाठी अपिलात वेगळा वकील असेल आणि मुलाने स्वतः अपील केलेलं नसेल, तर त्याला काउंटीच्या ब्रीफनंतर १० दिवस. पालकत्व संपवणारा आदेश असेल तर सगळ्या राज्यात, आणि ऑरेंज, इंपीरियल व सॅन डिएगो काउंटीत सगळ्याच डिपेन्डन्सी अपिलांत, ओपनिंग ब्रीफला ४० ऐवजी ३० दिवस मिळतात आणि मुदतवाढीला तिथंही ‘असाधारण’ कारण लागतं. सॅन डिएगोतल्या नातेवाइकाचा अनुभव ऐकून सँटा क्लाराची तारीख लावू नये, आणि उलटही.

ब्रीफच्या मुदतवाढीचा फॉर्म जेव्ही-८१७. ‘वकील इतर कामात व्यग्र असल्याने’ एवढंच लिहिलेला अर्ज वाया जातो. नियम ८.६३ मध्येच म्हटलंय की कामाचा बोजा आहे अशी मोघम विधानं चालणार नाहीत; कुठल्या प्रकरणाची, कुठली तारीख आड येते, ते दाखवायचं. आमच्या एका नमुना अर्जातला मजकूर मराठीत असा होईल:

‘ब्रीफची मुदत २० जुलै २०२६. याआधी मुदतवाढ घेतलेली नाही. मागणी १५ दिवसांची, ४ ऑगस्टपर्यंत. रेकॉर्ड १,४०० पानांचं, त्यातली १,१०० वाचून झाली. २३ एप्रिलच्या सुनावणीचा उतारा त्यात नाही. तो मागवण्याचा अर्ज १ जुलैला दिला. याच वकिलाचं अग्रक्रमाच्या दुसऱ्या प्रकरणातलं ब्रीफ १५ जुलैला देय आहे. मूल सध्या मावशीकडे असून पुढची सुनावणी सप्टेंबरात आहे. १५ दिवसांनी तिच्यावर परिणाम होणार नाही.’

यात पाच गोष्टी आहेत: सध्याची तारीख, आधी किती वेळा वाढ घेतली, किती हवी, का हवी, आणि मुलावर काय परिणाम. शेवटची गोष्ट नियमात या शब्दांत मागितलेली नाही. पण डिपेन्डन्सीच्या अपिलांना कायद्यानेच इतर सगळ्या प्रकरणांवर अग्रक्रम दिलाय, त्यामुळे वाचणारा न्यायाधीश तीच शोधत असतो. किती पानं वाचून झाली हा आकडाही असाच. काम सुरू आहे, ही त्याची खूण.

दिवस मागताना हात आखडता ठेवावा. तीस मागून दहा मिळण्यापेक्षा पंधरा मागून पंधरा बरे. ब्रीफ खरोखर कधी होईल ते आधी वकिलाकडून वदवून घ्यायचं, त्यात दोन दिवस घालायचे, मग आकडा लिहायचा. अर्ज मुदत संपायच्या चार-पाच दिवस आधी जावा. काउंटीच्या वकिलाला, मुलाच्या वकिलाला, दुसऱ्या पालकाच्या वकिलाला प्रत बजावलेली असावी. अर्ज दिला म्हणजे मुदत वाढली असं नाही, आदेश येईपर्यंत जुनीच तारीख खरी. बरं एवढंच की हा साधा अर्ज असल्याने विरोधी बाजूच्या उत्तरासाठी कोर्ट थांबून राहत नाही. निर्णय दोन-तीन दिवसांतही येतो. मंजुरीच्या आदेशावर ‘यापुढे मुदतवाढ नाही’ अशी ओळ असेल तर ती अक्षरशः घ्या.

मुदत संपली आणि ब्रीफ गेलंच नाही, तरी अपील लगेच मरत नाही. कोर्ट ऑफ अपीलचा क्लार्क पत्र पाठवतो: ३० दिवसांत (पालकत्व संपवणाऱ्या आदेशाच्या अपिलात १५) द्या, नाहीतर अपील फेटाळलं जाऊ शकतं, नेमलेला वकील असेल तर त्याला काढून दुसरा नेमला जाऊ शकतो. काही जण या ३० दिवसांना फुकटची मुदतवाढ समजतात, अर्ज लिहायचे कष्ट वाचले म्हणून. आम्हाला ही सवय मुळीच मान्य नाही. त्या पत्रानंतर आणखी वेळ मागायला गेलात तर ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत कोर्ट नसतं. आणि वकील बदलला तर नवा माणूस पहिल्या पानापासून वाचायला बसतो. ते महिने मुलाच्या हिशेबात धरले जातात.

कारण अपील चालू आहे म्हणून खालचं कोर्ट थांबत नाही. सहा महिन्यांची, बारा महिन्यांची समीक्षा होत राहते, टू-सिक्स लागते. काढताना मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर सेवांची मुदतच मुळात सहा महिन्यांची. ओपनिंग ब्रीफला दोन वेळा वाढ, काउंटीला एकदा वाढ, असं करत निकाल येईतो मूळ आदेश कधीचा मागे पडलेला असतो. मूल घरी परतलं आणि केस बंद झाली, तर अपिलात आता ठरवायचं काही उरलं नाही असं म्हणून ते निकाली निघू शकतं; २०२३ च्या इन री डी.पी. मध्ये सुप्रीम कोर्टाने हे सविस्तर मांडलं. पालकाला दुर्लक्षाचा किंवा छळाचा मूळ निष्कर्ष पुसून हवा असतो, कारण बालछळाच्या राज्य नोंदवहीत नाव जाईल, नोकरीत अडचण येईल. मग तो परिणाम नेमका काय होतो, हे अपिलात कागदानिशी दाखवावं लागतं. त्यामुळे मुदतवाढ मागण्याआधी आमच्याकडे एक प्रश्न ठरलेला असतो: खालच्या कोर्टात पुढची तारीख कोणती आणि त्या दिवशी काय होऊ शकतं?

मराठी घरांपुरत्या दोन गोष्टी. आयसीडब्ल्यूए-०२० नावाचा फॉर्म पहिल्याच सुनावणीत हातात येतो आणि मूल ‘इंडियन’ आहे का असं विचारतो. तो १९७८ च्या इंडियन चाइल्ड वेल्फेअर अ‍ॅक्टचा फॉर्म आहे आणि तिथला इंडियन म्हणजे अमेरिकेतल्या मूळ जमातींचा. आपली माणसं इमाने इतबारे ‘हो’ वर खूण करतात. मग चौकशी सुरू होते, कुठली जमात, कुठलं गाव, आणि सातारा जिल्ह्यातलं गाव लिहिलेला फॉर्म फाइलमध्ये बसतो. खूण ‘नाही’ वर करायची आणि मूळ भारत देशातलं असल्याचं तोंडी सांगायचं. गंमत म्हणून सोडून देऊ नये, कारण ही चौकशी नीट झाली नाही हा अपिलांतला फार वापरला जाणारा मुद्दा आहे. २०२४ च्या इन री डेझी सी. नंतर तर अपुऱ्या चौकशीसाठी आदेश सशर्त रद्द होऊन प्रकरण परत जातं.

दुसरी गोष्ट दुभाष्याची. कॅलिफोर्नियाच्या कोर्टात पंजाबीसाठी प्रमाणित दुभाष्यांची परीक्षा आहे, मराठीसाठी नाही. मराठी दुभाषा शोधून आणावा लागतो, तो फोनवर किंवा व्हिडिओवर येतो, आणि ‘हिंदी चालेल का’ हा प्रश्न हमखास येतो. साक्ष द्यायची असेल तर चालणार नाही, असं रेकॉर्डवर सांगावं. पण एवढं लक्षात ठेवा की आदेश नीट समजला नव्हता, म्हणून साठ दिवस किंवा सात दिवस उशिरा सुरू होत नाहीत.

नेमलेल्या वकिलाला सगळं वाचून मांडण्याजोगा मुद्दाच सापडला नाही, असंही होतं. गुन्हेगारी अपिलात अशा वेळी कोर्ट स्वतः रेकॉर्ड तपासतं. डिपेन्डन्सीत तसं बंधन नाही, हे १९९६ च्या इन री सेड सी. मध्ये ठरलं. वकील तसं कळवतो आणि पालकाला स्वतः पत्र लिहून, अमुक मुद्दा खरोखर मांडण्याजोगा आहे, हे दाखवायची संधी मागता येते. कोर्टाने दिलेले दिवस इथंही मोजून घ्यायचे. पत्रात मुलाचं पूर्ण नाव लिहायचं नाही, फक्त पहिलं नाव आणि आडनावाचं अक्षर, किंवा दोन्ही अक्षरं. ही प्रकरणं गोपनीय असतात, आणि पूर्ण नावाचे कागद परत येतात तेव्हा दिवस जातात ते आपलेच.

निकालानंतर पुन्हा दगड सुरू होतात. समजा, कोर्ट ऑफ अपीलचा निकाल मंगळवारी १ सप्टेंबर २०२६ ला दाखल झाला. त्याच कोर्टाकडे फेरसुनावणी मागायला १५ दिवस, म्हणजे १६ सप्टेंबर. निकाल ३० दिवसांनी, १ ऑक्टोबरला अंतिम होतो. त्यानंतर कॅलिफोर्निया सुप्रीम कोर्टाकडे जायला १० दिवस. ही मुदत वाढवून मिळत नाही. ती चुकली तर सुप्रीम कोर्टाला स्वतःहून प्रकरण घ्यायचा काळ संपायच्या आत सरन्यायाधीशांकडे माफी मागायची, एवढंच उरतं. दहावा दिवस ११ ऑक्टोबर, रविवार. म्हणून सोमवार, १२ ऑक्टोबर. त्या दिवशी कोलंबस डेची केंद्र सरकारची सुट्टी: पोस्ट बंद, बँका बंद, मुलांची शाळाही कदाचित बंद. कॅलिफोर्नियाच्या कोर्टांनी मात्र ती सुट्टी सोडून सप्टेंबरातला नेटिव्ह अमेरिकन डे घेतलाय. कोर्ट उघडं असतं आणि पिटिशन त्याच दिवशी लागते.